बेचाळिसावी नाडी

४ मे, सोमवार

पोचले एकदाची! ब्लफ बंदराहून चार तासांची डाकबोट, त्यात तीनदा पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं. पण धक्क्यावर पाय टेकले आणि बाई पुन्हा ताठ. बोटवाला अल्बी म्हणाला, सिस्टर, मागच्या खेपेला एक मेंढा आणला होता, तोसुद्धा तुमच्याएवढा ओरडला नाही. मी म्हटलं, बाबा रे, मेंढ्याने दोन वर्षांच्या करारावर सही केली नव्हती. तो हसता हसता हातातला दोरच सोडून बसला.

हॅरो कोव्ह म्हणजे एक रस्ता, पत्र्याच्या छपरांची विसेक घरं, दुकान, गावाचं सभागृह आणि धक्क्याला लागून दवाखाना. डॉक्टर नाही. डॉ. फॅरेल एक गुरुवार सोडून एका गुरुवारी येणार, एरवी फोनवर; बाकी सगळं नर्सच्या गळ्यात. ड्युनेडिनला हृदयरोग्यांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढल्यावर मला ही पगारी विश्रांतीच वाटते. मागे माझं दोन खोल्यांचं घर. गेले तर शेगडी आधीच पेटवलेली.

पेटवणारी आंटी बेरिल. सत्तरी ओलांडलेली, दवाखान्याच्या समितीची अध्यक्ष, माझी शेजारीण, आणि माझा अंदाज खरा असेल तर गावाची मालकीणही. तिच्याहून म्हातारे असलेलेही तिला आंटीच म्हणतात. टेबलावर माशाचं सूप आणि चीज रोल. म्हणाली, खा गं पोरी, शहरात काय वाऱ्यावर जगत होतीस? गावात माणसं किती, विचारलं. म्हणाली, एकेचाळीस, आणि तू बेचाळिसावी.

एकोणपन्नास वर्षांच्या या नायरीला पोरी म्हणणारं कुणीतरी भेटलं, बरं वाटलं. आई पन्नासाव्या वर्षी भांडी घासता घासता छाती धरून गेली, तेव्हापासून मी रोज स्वतःची नाडी मोजते. आजची बहात्तर. पन्नाशी ओलांडायची, एवढी एकच हाव आता उरली आहे.

६ मे, बुधवार

दोन दिवसांत अख्खं गाव तपासून झालं. रजिस्टरमध्ये चाळीस नावं, आलीही चाळीस माणसं. आंटी एकेचाळीस म्हणाली होती. एकतर तिचं गणित कच्चं, नाहीतर माझ्या आधीची नर्स ग्लेनिस आळशी.

पण नाड्या काय सुंदर! पंधरा सेकंद मोजायचं आणि चाराने गुणायचं, ही आम्हा नर्सांची जुनी खोड. प्रत्येकाचं पूर्ण मिनिट मोजत बसलं तर वॉर्ड संपणार कधी? सगळ्यांची साठ. ना वर, ना खाली. पाचसहा जणांची पहिल्या खेपेला लागलीच नाही, पण माझीच बोटं थंडीने बधिर झालेली. ईसीजीची पट्टी दहा सेकंदांची निघते, तीही सगळ्यांची पुस्तकात छापावी अशी. इथले पुरुष पाउआ काढतात, तळाच्या खडकाला चिकटलेले मोठे शिंपले. पाठीवर हवेची टाकी लावायला कायद्याने बंदी, म्हणून एका दमात जायचं आणि यायचं. अशांची हृदयं सावकाश चालायचीच. बायकांचीही का, ते मात्र समजलं नाही.

कपाटात जलद नाडीवरच्या इंजेक्शनची पेटी आहे, सहा कुप्या, एकही फोडलेली नाही. हृदयाचा मॉनिटरही चांगला, फक्त त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टीचे चार थर. आंटी म्हणाली, मेलं उगाच कोकलायचं, ग्लेनिसने त्याचं तोंड बांधलं. ग्लेनिस आता कुठे असते, असं विचारलं तर गेली बिचारी म्हणाली आणि सूप ढवळायला लागली.

लोक गोड आहेत. एकच गंमत, बोलता बोलता मध्येच सगळे गप्प होतात, दहाबारा सेकंद, आणि मग जिथे सोडलं तिथून पुढे. दुकानात आज तसं झालं तेव्हा मी एकटीच बडबडत राहिले आणि ओशाळले.

९ मे, शनिवार

आज हंगामाचा पहिला दिवस, सगळं गाव धक्क्यावर. शिंपल्यांच्या वड्या तळल्या जात होत्या, अल्बी मला पुन्हापुन्हा मेंढ्याची आठवण करून देत होता.

इथे एक जुनी रीत आहे. पाणबुड्या पाण्यात शिरला की काठावरचे आपला श्वास रोखतात. आंटी मोठ्याने आकडे मोजते. आपला दम संपला की समजायचं, खालच्यानेही आता वर यायला हवं. पूर्वी बायका अशाच नवऱ्यांची वेळ राखायच्या, घड्याळं होती कुणाकडे, असं आंटी म्हणाली. मग मला म्हणाली, धर गं दम, डेस चाललाय खाली. डेस म्हणजे पन्नाशीतला, वरच्या ओठाला चीर असलेला माणूस. तपासणीत सगळ्यांत कमी बोललेला.

धरला. आकडा पन्नासावर गेला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी सोडला नाही. मी हार मानणारी बाई नव्हे. टाळ्या पडल्या. आंटीने मिठी मारली, म्हणाली, आता तू आमची झालीस हो. डेस वर आला होता. तो एकटाच टाळ्या वाजवत नव्हता. पाण्यात आता कुणीच उरलं नव्हतं, आणि आंटी ओठांतल्या ओठांत अजून आकडे मोजत होती.

१२ मे, मंगळवार

सकाळी कपडे वाळत घालत होते. हातात ओली चादर, आणि छातीत कुणीतरी पळत सुटलं. मानेत धडधड, कानात धडधड, तिथेच गवतावर बसले. नाडी मोजली तर एकशे चौऱ्याऐंशी. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीत पाहिलं ते आज माझ्या. आई डोळ्यांपुढे आली. भीती वाटली, फार वाटली, लपवून काय करायचं.

दवाखान्यात जायला उठतेय तोच कुंपणातून आंटी आली, हातात एनॅमलचं घमेलं, त्यात समुद्राचं पाणी आणि माशांच्या पेटीतला बर्फ. मागे तीन बायका. मी कुणाला हाकही मारली नव्हती. म्हणाली, वाक. उपाय चुकीचा नाही. गार पाण्यात तोंड बुडवलं की शरीराला वाटतं डुबकी मारली, आणि हृदय आपोआप मंद होतं. मीच कितीतरी नव्या नर्सांना हे शिकवलं आहे. वाकले. तिने मानेवर हात ठेवला, आकडे मोजले. विसाव्या आकड्याला छातीत एक धक्का बसला आणि सगळं शांत.

उपकार मानले. पण वर यायचं म्हणून मी जमिनीवर हात आपटला त्यानंतरही चारपाच आकडे तिचा हात मानेवरून हलला नाही. आणि हिला कळलं कसं? तेही विचारलं. म्हणाली, छातीत ओढ बसली गं, आम्हा सगळ्यांच्याच. थट्टा करत असेल.

१४ मे, गुरुवार

डॉ. फॅरेल आले. गोल, आनंदी, खिशात पेपरमिंट. माझी नाडी पंधरा सेकंद मोजली, ईसीजी काढला, उत्तम म्हणाले. बायकांचं हे वय असंच असतं, एकटेपणा, चहा जास्त. ठोसा लगावावासा वाटला. पुन्हा झालं तर इंजेक्शन घेते म्हटलं, तर म्हणाले, कशाला, बेरिलच्या घमेल्याला अख्ख्या दक्षिणेत तोड नाही.

जाताना मी थट्टेने त्यांचंच मनगट धरलं. अठ्ठ्याऐंशी, वेडीवाकडी, धापा टाकणारी. का कोण जाणे, बरं वाटलं.

१९ मे, मंगळवार

अल्बीच्या तळहातात गळ रुतला होता. मी तो काढत होते आणि तो कुठल्याशा लग्नातली हकिगत सांगत होता. नवरदेव बोटीतून पडला, वरमाय म्हणाली आधी कोट वाचवा. त्याचा हात धरून ठेवायचा म्हणून माझी बोटं नाडीवरच होती. ऐन रंगात तो गप्प झाला. आणि बोटांखालचा ठोकाही.

मी घड्याळ बघितलं. बारा सेकंद. अल्बी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता, रंग जरा उतरलेला. मग ठोका आला, आणि पाठोपाठ, कोट वाचला सिस्टर, नवरदेव मात्र दुसऱ्या दिवशी सापडला. मला हसता आलं नाही. दुसऱ्या हकिगतीचं निमित्त काढून आणखी तीन मिनिटं मनगट धरलं. दर मिनिटाला बारा सेकंद, काही नाही. पूर्ण मिनिटात ठोके अठ्ठेचाळीस.

पंधरा सेकंद मोजायच्या सवयीने मी चाळीस माणसांत हे पाहिलंच नाही. ज्यांची नाडी लागली नव्हती त्यांना मी त्या बारा सेकंदांत धरलं होतं. बोटांना काही झालेलं नव्हतं.

२० मे, बुधवार

रक्तदाब बघायच्या बहाण्याने आंटी आणि दुकानवाली यांना शेजारी बसवलं. डाव्या हातात एकीचं मनगट, उजव्यात दुसरीचं. दोघींच्या नाड्या एकाच क्षणी थांबल्या. एकाच क्षणी सुरू झाल्या. खिडकीबाहेर दोघेजण जाळं ओढत होते, तेही तेवढा वेळ थांबले.

आंटी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, हात गार पडलेत गं तुझे.

मनात पाल चुकचुकते आहे. हृदय मंद करणारी औषधं मला पाठ आहेत. कुणीतरी गावाला ती चारत असेल तर? रोज घरोघरी जाणारी एकच गोष्ट, आंटीचं सूप. आजपासून मी डबाबंद बीन्सवर. सुपाचा नमुना लघवीच्या बाटलीत भरून, वर तसंच लेबल लावून, शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवला. तो नेणार अल्बीच, हे बोट दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं. शहाणपणा दाखवायला गेले आणि असं झालं.

२३ मे, शनिवार

पुन्हा. एकशे नव्वद. दार आतून लावलं, सिरिंजमध्ये जोराने फुंकर मारून छाती आवळायची युक्ती केली, थोडा उतार पडतोय तोच मागच्या दाराने त्या आत आल्या. चौघी. दवाखान्याच्या सगळ्या किल्ल्या समितीकडे असतात म्हणे.

या वेळी चाळीस आकडे. पाणी नाकात गेलं. मी धडपडले तर कुणीतरी दंड धरले, आणि अगदी मायेने, दम धर गं बाई, दम धर.

त्या गेल्यावर माझी नाडी पूर्ण मिनिट मोजली. पंचावन्न सेकंद ठीक. शेवटची पाच सेकंदं रिकामी.

चारदा मोजली.

२५ मे, सोमवार

दुपारी डेस मागच्या दाराने आला. नाडी एकशे शहाण्णव, ओठ निळे. आंटीला बोलावू नकोस, पाया पडतो, सुई टोच, म्हणाला. मॉनिटर लावेपर्यंत त्याने अडखळत सगळं सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी आंटीचा नवरा आयव्हर तळाला गेला. धक्क्यावर सगळ्यांनी दम धरला. तो वर आला नाही. लोकांनी दम सोडला, रडायला लागले, तेव्हा आंटी ओरडली, गप्प बसा, मी मोजायची थांबलेय का? आपण धरला आहे तोवर त्याचा संपत नाही. तिच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? पुन्हा धरला. संध्याकाळपर्यंत धरत आणि सोडत राहिले. दुसऱ्या दिवशी धरायची गरज उरली नाही, हृदयं आपली आपणच थांबायला लागली. प्रत्येकाचा थोडा थोडा दम दर मिनिटाला खाली जातो. एखाद्याचं हृदय धावू लागलं की त्याच्या वाटचा दम उधळला जातो, बाकीच्यांना जास्त द्यावा लागतो. म्हणून घमेलं. ग्लेनिस ऐकेना. तिला फार वेळ धरली. सभागृहामागे पुरलं आहे.

मी म्हटलं, डेस, तो माणूस मेला आहे. डेस म्हणाला, शनिवारी मी त्याला बघितला. तळाशी बसलाय, समुद्री शेवाळाचा जाड बुंधा धरून. डोळे उघडे. माझ्याकडे बघून त्याने बोट वर केलं. तेव्हापासून माझं हे असं.

विश्वास ठेवायचा की नाही ते नंतर, आधी रोगी. कोपराच्या शिरेत एक कुपी, मागोमाग सलाईन, हात वर. उपयोग नाही. मग दोन कुप्या एकदम. या औषधाने हृदय काही सेकंद बंद पडतं आणि मग ताळ्यावर येतं. तेवढ्यात माणसाला वाटतं आपण मेलो. पट्टीवर सरळ रेघ. सहा सेकंद. डेसने माझी बाही फाडली. मग ठोका, आणखी एक. अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटं पट्टी चालू ठेवली. मध्ये एकही खाडा नाही. हा मोठा बाप्या ढसाढसा रडला. म्हणाला, अकरा वर्षांनी माझं माझं चाललंय, सिस्टर. मीही रडले.

गुरुवारच्या बोटीने आम्ही दोघं जाणार. अल्बीला सांगायचं नाही. डॉक्टर बोटीवर असतील, त्यांच्यासमोर तो काय करणार?

२७ मे, बुधवार

प्रयोगशाळेचा फोन. बाई, ही लघवी नाही, माशाचं सूप आहे. मीठ जास्त, बाकी निर्दोष.

म्हणजे औषध नाही. म्हणजे डेसचं खरं.

पेटीतल्या तीन कुप्या कमी झाल्याचं आंटीला कळलं आहे. विचारलं नाही, फक्त पेटी उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. गाव पांढरं पडलंय. बायका उंबऱ्यावर बसून धापा टाकतात. बारा सेकंदांची आता अठरा झाली आहेत. एकाने दम काढून घेतला त्याचा भार बाकीच्यांवर.

माझी अकरा.

२८ मे, गुरुवार

धुकं. बोट आली नाही. डॉक्टर नाहीत.

डेसच्या घराला कुलूप. पायरीवर ओलं घमेलं. शेजारीण म्हणाली, तो गेला टिमारूला, बहिणीकडे. मी म्हटलं, कशाने गेला, बाई? पोहत?

३० मे, शनिवार

डेस सभागृहात बसला होता. मानेवर बोटांचे काळेनिळे वळ. मला बघून हसला, म्हणाला, बरा आहे हो सिस्टर, उगाच घाबरलो होतो. मनगट धरलं. सगळ्यांबरोबर थांबलं.

त्याला सोमवारचं काही आठवत नाही. पट्टी दाखवली. म्हणाला, ही कुणाची?

१ जून, सोमवार

डॉ. फॅरेलना फोन केला. सगळं सांगितलं, एक मिनिट मोजा हो, फक्त एक पूर्ण मिनिट. ते म्हणाले, बेरिलचा फोन येऊन गेला, तिला तुमची काळजी वाटते. इंजेक्शनांना हात लावू नका, पुढच्या फेरीत बघू. पोलिसांना फोन करायला घेतला तर डायल टोन नाही. तार शाबूत आहे. पलीकडे कुणीतरी आकडे मोजतंय.

माझी आता वीस. सगळ्यांएवढी, त्यांचीही अठराची वीस झाली. त्या वीस सेकंदांत दुखत नाही. हेच भयंकर आहे. निवांत वाटतं.

धावेल तेव्हाच इंजेक्शन लागू पडतं. मी माझ्याच छातीला म्हणते, पळ. एकदा पळ.

२ जून

पळालं. एकशे ऐंशी. डाव्या हातात सुई आधीच बसवून ठेवली होती. दाराशी पावलं. तिन्ही कुप्या एकदम, दाताने बूच, सलाईन, हात वर —

रेघ सरळ.

हिरवं पाणी. खडक. तो. बुंध्याला धरून. गालांत माझ्याच — तो दम माझाच होता, मी ओळखला. त्याने मला बघितलं. बोट वर केलं.

पुन्हा ठोका आला. माझा नाही. त्यांचाच, त्यांच्याबरोबर. थांबल्यावर सुरू करायला माझं काही उरलंच नव्हतं —

आंटीने सुई काढली. फुंकर घातली दुखल्या जागी.

३ जून

कुणी कोंडलेलं नाही. जायचं तर जा म्हणतात. धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत गेले, पुढे पाऊल — सगळे थांबतात तेव्हा मीही थांबते —

सभागृहात टेबलं मांडताहेत. केक, चीज रोल, भाजलेलं डुक्कर. आयव्हरचा कोट इस्त्री करून खुर्चीवर. आंटीने केस धुतलेत. म्हणाली, डेस तीन दिवस नव्हता ना, तेव्हापासून त्याला कमी पडतंय गं, आता तळाशी राहवत नाही. उद्या वर येणार. फार खोल आहे, एक लांब दम लागेल. सगळ्यांचा एकदम.

विचारलं, आणि आमचं काय?

म्हणाली, तो वर आला की सोडेल ना. सोडेलच. किती खुळ्यासारखं विचारतेस.

त्याने सोडला नाही तर, हे तिला अकरा वर्षांत सुचलं नाही. कुणालाच —

४ जून

दहा वाजले. धक्का भरलाय. मी गेले नाही. दार लावलं, कपाट लोटलं. उपयोग नाही, त्यांना अंतर लागत नाही. खिडकीतून सगळे दिसतात. आंटीचे आकडे इथवर —

थांबलं. माझंही. घड्याळ समोर. वीस. पंचवीस. विसाला सुरू व्हायचं —

पन्नास. हात चालतोय. छातीत काही नाही.

नव्वद. धक्क्याच्या पायरीवर हात. पांढरा, सुजलेला. दुसरा हात —

आंटी मोजायची थांबली.

त्याने श्वास घेतला. काचेतून ऐकू आला. लांब. धक्क्यावरचे एकेक खाली बसताहेत. अल्बी. डेस. आंटी हात पसरून उभी, हसते आहे, ती पण —

अजून घेतोच आहे. संपत नाही त्याचा. आत आत. सोड ना. आयव्हर, एकदा सोड, आम्हाला —